आर्दन नदीचा मासा

ग्लेनार्दन किल्ला,
६ मार्च १९५६

प्रिय एल्स्पेथताईस,
फर्गसचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचलो. बुरुजातली खोली मिळाली आहे. धुराड्यात कावळ्यांनी घरटं केल्यामुळे शेकोटी पेटत नाही, म्हणून गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून लिहितो आहे. बाकीचे पाहुणे डोंगरावर सशांच्या शिकारीला जातात. मी नदी सोडत नाही.

झाडांना लॅटिन नावाने हाक मारणारा माणूस सॅमन कसला पकडणार, म्हणून तू स्टेशनवर हसलीस. पण विषय पद्धतशीर समजून घेतला की किती सोपा होतो पाहा. सध्या नदीत दोन प्रकारचे सॅमन आहेत. एक समुद्रातून नुकता वर आलेला, ताजा, भरलेला. दुसरा केल्ट, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर अंडी घालून खंगलेला आणि समुद्राकडे परत निघालेला. वसंतात त्यालाही चांदीची झळाळी चढते आणि नवखा हमखास फसतो. केल्ट मारणं हा गुन्हा. न्यायाधीश असताना बाबांनी कितीजणांना त्यासाठी दंड केला, हे तुला ठाऊकच आहे. घाबरू नकोस, कल्ले कसे तपासायचे ते मी नीट वाचून आलो आहे.

वकिली सोडून मी शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवू लागलो, तेव्हापासून बाबांनी माझं काहीच गोड मानून घेतलं नाही. आजारपणात त्यांनी आर्दनच्या माशाची आठवण काढली, असं तू लिहिलंस. तो त्यांच्या ताटात माझ्या हातून पडावा, एवढंच मनात आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
फर्गस


पर्थ,
१० मार्च

चि. फर्गस यास,
अ. उ. आ.

लव्हाळ्याच्या टोपलीतला तुझा मासा काल गाडीने आला. वाटाड्या कॅलम तापाने पडलेला असताना तू तो एकट्याने ओढून काढलास, हे तुझ्या चिठ्ठीत चार ठिकाणी वाचलं. आता पुरे, छाती फुगून कोटाची बटणं तुटतील.

बाबांनी ताट रिकामं केलं. आठवडाभर पेजेपलीकडे काही पोटात ठरत नव्हतं, त्यामुळे डॉक्टरही चकित झाले. त्यांना बाबांनी सांगितलं, की मासा आमच्या फर्गसने पाठवलाय. ‘आमच्या’ हा शब्द मी पदरचा घातलेला नाही.

पण ताकद झपाट्याने ओसरते आहे. गळ गुंडाळ आणि निघून ये.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी ताई


ग्लेनार्दन किल्ला,
१९ मार्च

प्रिय ताईस,
सा. न.

बाबांना माती देऊन इथे आलो, तो केवळ सामान आवरायला. मी घरी पोहोचलो तेव्हा त्यांची शुद्ध हरपलेली होती. म्हणून तुझं ते पत्र हाच माझा आधार आहे. निदान एकदा तरी त्यांनी माझं काही आवडीने घेतलं.

आज कॅलमने ताजा मासा काठावर काढला. रुंद पाठ, लहान डोकं, शेपटीजवळ समुद्रातल्या उवा अजून चिकटलेल्या. मी बघतच राहिलो. माझ्या माशाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं होतं आणि पोट खपाटीला गेलेलं. कल्ल्यांत पांढरे किडे होते, म्हणजे केल्टचीच खूण. ते मी नदीचा गाळ समजून धुऊन टाकले.

ताई, ताज्या सॅमनचं मांस गुलाबी असतं, केल्टचं पांढरट आणि पाणचट. आपल्या घरी कापला तेव्हा कसा निघाला? बाबांना कळलं का? माझी समजूत घालू नकोस, खरं लिही.

तुझाच,
फर्गस


पर्थ,
२२ मार्च

चि. फर्गस यास,
आशीर्वाद.

पांढरा निघाला. शिजवून पाहिला, तर पाणचटच. मी तो टाकून देणारच होते, पण वास बाबांपर्यंत पोहोचला आणि ते मागू लागले. मला नाही म्हणवेना.

पहिल्याच घासाला त्यांना कळलं. काटाचमचा खाली ठेवून ते माझ्याकडे पाहत राहिले. आता कायद्याचं कलम ऐकावं लागणार, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, की या दिवसांत तिथलं पाणी किती गार असेल. वर बर्फ वितळतोय, मांड्यांपर्यंत पाण्यात उभा असेल, असं मी म्हटलं. मी ताट उचलू लागले, तर त्यांनी त्यावर हात ठेवला.

“राहू दे,” ते म्हणाले. “पोरगं थंडीत उभं राहिलंय.”

घरी ये.
ताई