उंटवाल्याच्या बाजूने

सोमवार, ५ जानेवारी
नववी ‘ब’ची कादंबरी संपली एकदाची! तीन शहरी मुलं आणि एक उंटवाला पोरगा वाळवंटात भरकटतात. पाण्याची पखाल रिकामी सापडते, तिघेही उंटवाल्यावर संशय घेतात, आणि शेवटी तोच त्यांना वाट काढून देतो. पोरं रंगली होती. फळ्यावर मुद्दे दिले — धाडस, मैत्री, पूर्वग्रह. शेवटचा मुद्दा माझा स्वतःचा: ‘उंटवाल्याच्या रक्तातच वाळवंट होतं, असं म्हणून लेखकाने भटक्यांचा गौरव केला आहे.’ सगळ्यांनी लिहून घेतला. स्वतःवरच खूश होते.

निबंध गुरुवारी. ज्याचा उत्तम, तो दादरच्या आंतरशालेय चर्चेत आमच्या शाळेतर्फे बोलणार. मंगळवारपर्यंत नाव कळवायचंय. वर्गात पहिला येणाऱ्या अवधूतचंच जाईल, दुसरं आहे कोण!

गुरुवार, ८ जानेवारी
निबंध वाचून डोकं उठलं. एकूण एकाने माझेच मुद्दे मला परत केले. अवधूतचा नीटनेटका, समास आखलेला.

आणि मग अक्षता. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून येते, शेवटच्या बाकावर बसते, वर्षभरात चार वाक्यं बोलली असेल. तिने लिहिलंय —

‘पखाल रिकामी झाली तेव्हा सगळ्यांनी उंटवाल्याकडे बघितलं, हा पूर्वग्रह सगळ्यांना दिसतो. पण त्याने वाट काढल्यावर लेखक म्हणतो, ते त्याच्या रक्तातच होतं. हा पण पूर्वग्रहच आहे. रक्तात वाट नसते. त्याला कोणीतरी शिकवलं असेल, तो चुकला असेल, मार खाल्ला असेल. ती मेहनत पुस्तकात कुठेच नाही. डॉक्टरच्या मुलाला कोणी म्हणत नाही की इंजेक्शन त्याच्या रक्तात आहे.’

मोबाइलवरून उतरवलंय! लाल पेनाने खाली लिहिलं: ‘स्वतःच्या शब्दांत लिही.’

शुक्रवार, ९ जानेवारी
सुट्टीत अक्षताला थांबवलं. “हे तुझंच आहे?” खाली मान. “कुठून घेतलंस?” डोळे भरले तिचे, पण तोंडातून अक्षर नाही. चोरी पकडली गेली की असंच होतं, म्हटलं मनात.

शनिवार, १० जानेवारी
पुरावा हवा म्हणून तिची वाक्यं एकेक करून इंटरनेटवर टाकली. तासभर! काहीही सापडलं नाही. रमाकांत पेपर वाचत होता. त्याला सगळं सांगितलं, तर नवरा कसला, वकीलच — “अवधूतने हेच लिहिलं असतं, तर तासभर शोधलं असतंस?”

चिडले त्याच्यावर. मग चिडायलाही काही उरलं नाही. अवधूतच्या वहीवर मी ‘शाब्बास’ लिहिलं असतं, वर स्टाफरूमभर मिरवलं असतं. वर्गाला पूर्वग्रह शिकवत होते मी! लाज वाटली. खूप वाटली.

रविवार, ११ जानेवारी
मच्छीमार नगरात गेले. चौकशी करत करत घर सापडलं. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत होते, माझा रुमाल आपोआप नाकाशी गेला. दर बुधवारी ताटात बोंबील लागतात मला, पण वास मात्र नको! रुमाल पर्समध्ये टाकला.

अक्षताची आई शेवंती, टोपलीतली मासळी निवडत होती. “इकरं या बाई, सावलीन बसा.” अक्षता दाराशी उभी. तिच्या आईसमोरच म्हटलं, “माझी चूक झाली, अक्षता. तुझ्यावर उगाच आळ घेतला.” पोरगी लाल झाली, काहीतरी बोलणार होती, आईने तिला चहा टाकायला आत पाठवलं.

मग मी शेवंतीबाईंना सगळं नीट समजावलं. कादंबरी म्हणजे मोठी गोष्ट, ती लेखक मनाने रचतो, त्यात पात्रं असतात, पूर्वग्रह म्हणजे काय, तुमची मुलगी किती हुशार. अगदी सावकाश, सोप्या शब्दांत. त्या निवडता निवडता “हं, हं” करत होत्या. अर्धा तास बसले. निघताना फार हलकं वाटलं.

सोमवार, १२ जानेवारी
फॉर्मवर अक्षताचं नाव लिहिलं. अवधूतला सांगितलं, तर म्हणतो, “तिचा निबंध वाचायला मिळेल का?” गुणी पोरगं! माझ्यापेक्षा बरं.

मंगळवार, १३ जानेवारी
सकाळी प्रार्थनेच्या आधीच अक्षता स्टाफरूमच्या दारात. “बाई, माझं नाव काढा. तो निबंध आईचा आहे.” ही रोज दुपारी मोठ्याने वाचायची, आई मासळी निवडताना ऐकायची. रक्ताचं वाक्य आलं तशी आई भडकली, बोलत सुटली, आणि हिने लिहून घेतलं. आईने बजावलं होतं, कुणाला सांगू नको, लोक हसतील.

“अगं, मग परवा त्या काही बोलल्या का नाहीत?”

“आई म्हणाली, बोलू दे बाईंना, एवढ्या लांबून आल्यात.”

नाव काढणार नाही म्हटलं. दादरला जा, आणि पहिलं वाक्य आईचं नाव घेऊन बोल. पोरगी हसली! वर्षभरात पहिल्यांदा. जाता जाता वळून म्हणाली, “पुस्तकाचा शेवट आईला पटला नाही, बाई. तुम्ही रविवारी या, कसा हवा होता ते ती सांगणार आहे.”