राघूसाठी भिजवलेली डाळ

तासगाव,
जानेवारी १९७५

प्रिय अजित,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. लगेच उत्तर दिलं नाही, कारण डोकं तापलेलं होतं. तेव्हाच लिहायला बसले असते तर तुला आणि तुझ्या आण्णांना एकाच कागदावर झोडपलं असतं. आजही फार निवलंय असं समजू नकोस.

आधी राघूचं सांगते. यंदा महावीरांच्या निर्वाणाला अडीच हजार वर्षं झाली म्हणून दिवाळीत जो तो काही ना काही नेम धरत होता. आण्णांनी बस्तीत, देवाच्या मूर्तीपुढं, सगळ्यांसमोर उठून सांगून टाकलं, आमच्या घरचा बंदिवान जीव आम्ही सोडणार. मला विचारलं? छे. पिसं फुटायच्या आधीपासून बोटानं डाळ भरवून मी त्याला वाढवला, आणि पुण्य आण्णांचं. एसटीनं सागरेश्वरला नेला, देवळांमागच्या रानात पिंजरा उघडला, हात जोडले आणि घरी येऊन निवांत झोपले. ज्याला पेरूसुद्धा फोडी करून लागायचा, तो रानात काय खाणार, हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. दया करायची घाई लय, पुढचं निस्तरायला मी आहेच.

म्हणून देवराष्ट्र्याला मावशीकडे जाते असं सांगायचं आणि डबीत भिजवलेली डाळ घेऊन तिथून जवळचं ते रान गाठायचं, हा माझा उद्योग सुरू झाला. थंडीत ऊन वर आल्याशिवाय राघू हलत नाहीत. मग थवाच्या थवा बोरींवर उतरतो. एका पायानं फांदी धरायची, दुसऱ्यात बोर, दोन चोची मारल्या की दिलं खाली टाकून. ती नासधूस बघून माझा जीव नुसता चडफडायचा. आणि आपला राघू? पिंजऱ्याला घासून तुटकी झालेली शेपटी घेऊन लांब खालच्या फांदीवर एकटाच. मला बघितलं की मनगटावर येऊन चोच उघडायचा. मी भरवायची आणि मनातल्या मनात आण्णांना बोल लावायची. सगळी थंडी अशीच चालली होती.

परवा एसटी वाटेत बंद पडली. पोचले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. दम खायला लांबच थांबले आणि बघते तर काय, थव्याच्या मधोमध तुटक्या शेपटीचा आपला राघू. पायात बोर धरून खातोय, शेजारणीशी भांडतोय, अर्धं टाकून दुसरं तोडतोय. मला रडूच आलं. मग मी पुढं झाले, त्यानं मला बघितलं. बोर टाकलं, खाली आला, अंग फुगवलं आणि जन्माचा उपाशी असल्यासारखा चोच उघडून बसला. लबाड कुठला. इतका राग आला त्याचा, आणि त्याहून जास्त माझा. डबी मी उघडली नाही. तो ओरडला, माझ्या बोटाला कडकडून चावला आणि उडून बोरीवर गेला. घरी येऊन ती डाळ मी आमटीत घातली. आण्णांनी दोनदा वाढून घेतली.

आता तुझं. साताऱ्याला खाणावळीत कांदा-लसूण असतो, ताट दिवस मावळल्यावर मिळतं, केळी-चुरमुऱ्यांवर राहतोस, म्हणून बँकेतली नोकरी सोडून महिनाअखेरीस घरी येतोस म्हणे. ह्याच नोकरीसाठी आण्णांशी महिनाभर अबोला धरला होतास ना? ते तर खूश आहेत, दुकानात तुझी बैठक घालूनसुद्धा झाली. राघू सोडतील, पोराला मात्र तागडीपाशी बसवतील. मीही पत्र वाचून लाडवांचा डबा भरला होता, तो फडताळात तसाच आहे. पाठवणार नाही. स्टोव्ह घे, सकाळीच भाकरी करून ठेव, करपली तर करपलेली खा. राजीनामा देऊ नकोस. राघूपुढं हात आवरला मी, पण तू दारात येऊन उभा राहिलास तर मला आवरायचा नाही, ताट वाढीनच. म्हणून हे पत्र आजच्या टपालात टाकते, तू निघायच्या आत पोचावं.

तुझीच,
आई