नाव घेतल्याशिवाय

कळमनुरी,
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

चिरंजीवास अनेक आशीर्वाद आणि जय ख्रिस्त.

आपल्या शाळेत ज्यांनी ज्यांनी हातात खडू धरला, त्या सगळ्यांची एकच जुनी तक्रार आहे, आणि तुझी-माझी तर सर्वांत जास्त. लोक आपल्याकडे प्रार्थनेला येत नाहीत, ताईत बांधून घ्यायला येतात. वर्षभर शाळेच्या फाटकात पाऊल न टाकणारे बाप दहावीच्या तोंडावर धोतर सावरत येतात आणि म्हणतात, “खंदारे सर, तेवढं प्रार्थनेत पोराचं नाव घ्या. तुमी नाव घेतलं की पोरगं बराबर पास होतंय.” अभ्यास कोणी करायचा? आकडेमोड कोणी शिकवायची? ते काही नाही. सरांनी नाव घेतलं, झालं!

तू विज्ञान शिकवायचास. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर टेबलावर हात आपटून तू म्हणाला होतास, “बाबा, ही नावांची प्रार्थना बंद करा. तुम्ही लेकरांना देवाकडे नेत नाही, निकालाची हमी वाटताय.” त्यावर मी काय काय बोललो ते तुला आठवत असेलच; माझी उत्तरं कधी लहान नसत. मी म्हणत होतो, लोकांना समजावू. तू म्हणत होतास, प्रथाच मोडू. तक्रार एक असलेली दोन माणसं अशी भांडली की तू राजीनामा देऊन पुण्याच्या क्लासमध्ये शिकवायला निघून गेलास.

आज लिहितो आहे, कारण आपण दोघंही एकाच जागी चुकलो होतो. ते मला सेनगावकडच्या एका बंजारा तांड्यावरच्या म्हातारीनं दाखवलं. अजून त्या धक्क्यातून मी बाहेर आलेलो नाही, आणि बाहेर यावं असं वाटतही नाही.

आधी घरचं. तुझी आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण रविवारी उपासनेला सगळ्यांच्या आधी जाऊन पायरी झाडतेच. तूर काढून झाली. अंगणातल्या पपईला यंदा फळं लागली आहेत. शाळेतली सकाळची प्रार्थना आता चर्चचे नवे पाळक घेतात. त्यांचा आवाज बारीक आहे, मुलं मागच्या रांगेत चुळबुळ करतात. मी मागेच बसतो. फोन का करत नाही, असं तू आईला विचारलंस म्हणे. मोबाईलवर दोन ओळी लिहिल्या की आपलं तिसऱ्या ओळीत भांडण होतं, म्हणून हा कागद.

आता त्या म्हातारीचं.

रुपा राठोड तुला आठवते का? ती सातवीला असताना तू तिला भिंगातून झेंडूची पाकळी दाखवली होतीस आणि ती म्हणाली होती, “सर, ह्याच्या आत तर वावर हाय.” तीच. यंदा दहावीला आहे. सराव परीक्षेत विज्ञानात शाळेत पहिली आली. थावरा नाईक तांड्यातून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. आईबाप, संगिता आणि देविदास, दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले ते अजून तिकडेच आहेत. घरी ती आणि आजी, नानीबाई.

गेल्या गुरुवारी शाळा सुटल्यावर रुपा आपल्या अंगणात येऊन उभी राहिली. चप्पल काढली नाही, पाणी घेतलं नाही.

“सर, आजी म्हणून राहिली, परीक्षेला बसायचं न्हाई.”

तुझी आई म्हणाली, “काहून गं?”

“सरांचा आवाज गेला ना. मग नाव कोण घेणार? नाव न घेता धाडणार न्हाई म्हणते. मामाच्या गावाला पाठवते, तिकडं सोयरीक बघून ठेवली हाय.”

लिहायचं टाळत होतो, पण रुपानंच सांगून टाकलं, तेव्हा आता लपवून काय करू? हो. माझा आवाज गेला. बसला नाही, गेला. घशात गाठ निघाली. सप्टेंबरात नांदेडला शस्त्रक्रिया झाली, स्वरयंत्र काढून टाकलं. श्वास आता गळ्याला पाडलेल्या छिद्रातून घेतो आणि वरून मफलर गुंडाळतो. तुला कळवायचं नाही अशी शपथ मी आईला घातली होती. तिच्यावर रागावू नकोस. जो बाप माईकशिवाय पटांगणाच्या टोकापर्यंत ऐकू जायचा, तो तुझ्यासमोर पाटीवर “पाणी दे” असं लिहून दाखवतो, हे तू पाहू नयेस असं मला वाटलं. बस, एवढंच होतं ते.

तर मी पाटी आणि खडू पिशवीत टाकला आणि रुपासोबत जीपमध्ये बसलो. सबंध वाटेत मनात भाषण रचत होतो. सवय जात नाही! अंधश्रद्धेवर असा आसूड ओढायचा, बालविवाहावर असा; कायदा सांगायचा, देवाची दया सांगायची. पाटीवर हे सगळं मावणार कसं, याचा विचार मी जीपमधून उतरल्यावर केला.

नानीबाई दारात तूर पाखडत बसली होती. सूप थांबवलं नाही. मी पाटीवर ठळक अक्षरात लिहिलं: “परीक्षा नावावर नाही, अभ्यासावर पास होते. देव ताईत नाही. मुलीचे भविष्य अंधारात लोटू नका.” आणि पाटी तिच्यापुढे धरली. तिला वाचता येत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही. तिनं पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि रुपाला म्हणाली, “वाच बाई. मास्तर लई तकलीफ घेऊन आले.”

रुपानं वाचलं आणि मग त्यांच्या बोलीत सांगायला लागली. मी तीन वाक्यं लिहिली होती. पोरगी बोलतच राहिली. हात कमरेवर, मान ताठ. म्हातारीचं सूप थांबलं. शेजारची पद्माबाई भांडं हातात घेऊन कुडाशी येऊन उभी राहिली. मला एक अक्षर कळत नव्हतं, आणि मी आयुष्यात कोणाचं बोलणं इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं.

नंतर जीपच्या थांब्यावर मी पाटीवर विचारलं, “काय सांगितलंस?” ती लाजली. म्हणाली, “सर, तुमचं पाटीवरचं लई अवघड होतं. मी आपलं म्हटलं, याडी, मी उसाला न्हाई चालले, पेपरला चालले. संध्याकाळी परत येते.” याडी म्हणजे आई; आजीलाही ती तसंच म्हणते.

पण ते नंतरचं. दारात नानीबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून आपल्या मराठीत म्हणाली, “मास्तर, पास-नापास आमाला काय कळतंय? तुमी शिकलेली मानसं उगं त्याचंच गाणं लावता. आमच्या तांड्यातून ट्रक हलायच्या आधी नाईक एकेकाचं नाव घेतो. बाईचं, गड्याचं, कडेवरच्या लेकराचं बी. ज्याचं नाव घेतलं त्यानं परत यायचं असतंय. नाव घेतल्याबिगर आमी कुनाला शिवंच्या भाईर धाडत न्हाई. तुमी शाळंत तेच करता, म्हून तर आमी लेकरं तुमच्या शाळंत घातली.”

पद्माबाई कुडाजवळून म्हणाली, “माज्या सुरजचं सांग की त्यान्ला.”

मला सुरज माहीत होता. गेल्या वर्षी प्रार्थनेच्या दिवशी त्याची जीप बंद पडली, तो आला नाही आणि गणितात गेला. तांड्यात बोभाटा झाला होता, आणि त्याच बोभाट्याचा मला संताप होता. मी पाटीवर घाईनं लिहिलं, “सुरज अभ्यास न केल्यामुळे नापास झाला.” रुपानं वाचलं.

पद्माबाई हसली. रडणाऱ्या माणसाचं हसू कसं असतं तसं. “मास्तर, नापास झाला त्याचं कुनाला दुःख हाय? लाजंनं हैदराबादला गेला त्यो. दिवाळीला आला न्हाई. त्यो परत आला न्हाई, मास्तर.”

अरे, मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानं हाक मारतो यावर मी किती उपदेश दिले! कळमनुरीत दिले, शिरड शहापूरच्या मेळाव्यात दिले, लोकांनी रुमाल ओले केले. आणि त्या हाकेचा अर्थ मला एका कुडाजवळ उभ्या असलेल्या बाईनं सांगितला. दरवर्षी दहावीची लेकरं सभागृहात उभी राहतात, तांड्याची, बौद्ध वाड्यातली, आपली चार-दोन ख्रिस्ती. मी एकेकाचं नाव घ्यायचो, मग आईचं, मग बापाचं, मग गावाचं, आणि डोक्यावर हात ठेवायचो. मला वाटायचं, मी त्यांना देवाच्या हाती सोपवतो आहे आणि हे खुळे लोक माझ्याकडे गुण मागताहेत. तुला वाटायचं, मी त्यांना गुण विकतो आहे. ते बिचारे गुण मागतच नव्हते. त्यांचं लेकरू दूर निघालं होतं, आणि कुणीतरी त्याला मोठ्यानं सांगावं, तुझी वाट बघणारं माणूस आहे, एवढंच त्यांना हवं होतं. पास-नापासाची भाषा त्यांनी आपल्यासाठी वापरली असेल. शाळेला दुसरी भाषा कळत नाही ना!

त्या दारात मी मफलर काढून हात जोडले. मी प्रार्थनेला इतक्या वेळा उभा राहिलो आहे, पण देव इतका जवळ उभा आहे असं मला व्यासपीठावर कधी वाटलं नव्हतं. तू हसशील. हस. मी जे पाहिलं ते पाहिलं.

मी पाटीवर लिहिलं, “आमचे नवे पाळक नाव घेतील.”

“त्यो कोन? त्यानं माज्या पोरीचं तोंड तरी बघितलं का? आमचा नाईक बिमार पडला तर त्याच्या घरचं मानूस नाव घेतंय. तुमाला पोरगा हाय ना? त्यो सायन्सवाला?”

रुपा पटकन म्हणाली, “ते पुण्याला असतात.”

“मग? पुन्याहून गाड्या येत न्हाईत व्हय?” म्हातारीनं पुन्हा सूप हातात घेतलं. “त्यो आला तर पोरगी पेपरला. न्हाई आला तर मामाच्या गावाला. जावा आता मास्तर, जीप चुकंल.”

घरी येऊन मी हे तुझ्या आईला लिहून दाखवलं. खाली लिहिलं, तूच घे नावं, तू घरचीच आहेस. ती म्हणाली, “घेतली असती. पण त्या बाईनं माझ्या पोराला बोलावलंय. मी मधे येणार नाही.” आणि स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळानं तिथून भाकरी थापल्याचा आवाज आला.

मी तुझ्याकडे श्रद्धा मागत नाही. ती मागून मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. तुला देवाचं नाव घ्यायचं नसेल तर घेऊ नकोस. या लेकरांची नावं घे. तुझा आवाज माझ्यासारखाच आहे. वर्गाबाहेरून जाताना लोक फसायचे.

शुक्रवारी, वीस तारखेला, मराठीचा पहिला पेपर आहे. नावांची प्रार्थना बुधवारी, अठरा तारखेला, सकाळी. तू मंगळवारी रात्रीच्या गाडीत बस आणि बुधवारी सभागृहात उभा राहून पहिलं नाव घे: रुपा संगिता देविदास राठोड, थावरा नाईक तांडा. नानीबाई पुढच्या रांगेत बसणार आहे.

तू पुण्याला निघालास तेव्हा तुझं नाव कोणी घेतलं नव्हतं. आता मला मोठ्यानं घेता येत नाही. म्हणून इथं लिहितो, आणि कागदावर हात ठेवतो:

शिलास मार्था शलमोन खंदारे, कळमनुरी.

तुझा,
बाबा