सातवी 'ब' मधला पैलवान

ती. मावशीस,

दंडवत (लांबूनच, जवळ आलो तर कान धरशील). तुझे गुडघे आणि काकांचा खोकला आपापल्या जागी असतील अशी आशा. मी चार गावं आणि पाच नोकऱ्या फिरून सध्या ताईकडे टेकलोय.

मुलं आटली म्हणून हेडबाई या नात्याने तू ज्या शाळेला कुलूप लावलंस, तिथे आता पाचवीत ताईच्या आठ शिलाई मशिनी आहेत. प्रयोगशाळेत सोफेवाला (सांगाड्याच्या गळ्यात त्याचा टेप), आणि सातवी 'ब' मध्ये पैलवानाची व्यायामशाळा. (तीच सातवी 'ब', जिथून मी मधल्या सुट्टीत बाहेर पडलो तो अजून परतलो नाही.)

शिक्षण खात्याचे साहेब मंगळवारी तपासणीला येणार असं कळलं आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शाळेला जागा दान देणाऱ्याने कागदातच लिहून ठेवलंय, इथलं शिकवणं बंद पडलं की इमारत त्याच्या घराण्याकडे परत. ताईच्या हाताखाली आठ बायका. दोन दिवस ती धड जेवली नाही. शेवटी ठरलं, प्रौढांचा साक्षरता वर्ग दाखवायचा. मास्तर कोण? रिकामटेकडा मीच.

मंगळवारी सकाळी अकराला साहेब आले. बाकांवर शिवणाऱ्या बायका, सोफेवाला आणि सर्वांत पुढे पैलवान (दोघांनी दाबून बसवला होता, बाहेर कसा काढायचा याचा विचार कुणी केला नव्हता). साहेबांनी पडद्याआडची डंबेल्स पाहिली, बायकांच्या केसांतले दोरे पाहिले, माझ्याकडे तर फारच वेळ पाहिलं. मग पैलवानाकडे बोट केलं. "तुम्ही. फळ्यावरचं वाचा."

फळ्यावर मीच लिहिलेलं, 'आमची शाळा'. पैलवानाने डोळे बारीक केले. मला वाटलं सोंग करतोय, आणि जरा जास्तच करतोय. ताईची नखं माझ्या दंडात. "आ," तो म्हणाला. बऱ्याच वेळाने, "म." मग मान खाली घालून, "पुढचं येत नाही साहेब. लहानपणी शाळेत कुणी बसवलंच नाही."

हे आम्हां कुणालाच ठाऊक नव्हतं, मावशी.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "महिन्याने येतो. यांनी धड्याचं एक पान वाचलं तर वर्ग खरा. नाहीतर इमारत रिकामी करा."

तुझा भाचा

ता.क. हे पत्र खुशालीचं नाही हे तू ओळखलं असशीलच. त्या शाळेत पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणाली होतीस, माहीत आहे. तरी ये. मी दोन दिवस शिकवलं, त्यात त्याला येत होता तो 'म'सुद्धा बिघडला.

दुसरा ता.क. आज रविवार, तरी पैलवान नऊलाच बाकात बसलेला. वर्ग नाही, तुला पत्र लिहून बोलावतोय म्हटलं, तर म्हणतो, बाई येईपर्यंत बसतो. तू येणार नसशील तर तसं त्याला सांगायची माझी छाती नाही. तेवढं तूच येऊन सांग.