पहिलं एकोणचाळीस

४ मार्च
बाबांनी फॉर्म परत केला. सहीविना! सर्जनबाईंनी तिसऱ्यांदा समजावलं — गुडघ्याखालून पाय काढावाच लागेल, आठवडा घालवलात तर जिवावर बेतेल. बाबांचं एकच पालुपद, "जाईन तर अख्खा जाईन." मग भिंतीकडे तोंड.

मागच्या वर्षी साखरेपायी अंगठा गेला, मग दोन बोटं. तेव्हा थट्टा करत होते.

५ मार्च
आजही नाही. बोलणंही बंद.

६ मार्च
दादाचा फोन. मी लाडकी ना, मग मीच त्यांच्या गळी उतरवावं म्हणे! स्वतः यायचं नाव नाही.

काय बोलू? पस्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, रडारडीचं त्यांना वावडं. मग ती संख्या आठवली — सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून द्यायचे. मूळ संख्या. शेवटचा अंक पुसा — उरली तीही मूळ. पुन्हा पुसा — तरी मूळच. पुसत पुसत त्र्याहत्तर, मग नुसते सात, तरी मूळच! उलट शेवटी आणखी कुठलाही एक अंक जोडा, मूळपण गेलंच. अशी पुसता येणारी याहून मोठी संख्या नाही. उद्या लिहून दाखवते. हसतील? की डोकं फिरेल?

७ मार्च
फजिती! रक्ताच्या रिपोर्टच्या पाठीवर लिहिली — ७४९३९१३३ — आणि समोर धरली. बाबांनी चष्मा मागितला. तीन दिवसांतला पहिला शब्द.

"एकोणचाळीस म्हणजे चाळीसला एक कमी. चाळीस कानावर पडलं की तू चार लिहून मोकळी. आणि पहिलं चूक, दुसरं बरोबर — हे जमतं कसं तुला?"

मग गाडी सुटलीच. म्हणाले, तुझ्या अंकांची बेरीजच एकोणचाळीस, म्हणजे तीनने भाग गेला. आणि पुसत पुसत आलीस की उरतात चौऱ्याहत्तर, चक्क सम! नर्स सुई हातात धरून ऐकत उभी. बाबांनी माझं पेन घेतलं, चार खोडला, वर तीन लिहिला.

मला राहवेना. "शेवटचं पुसलं तरी उरलेलं मूळच राहतं ना, बाबा? की ते फक्त फळ्यावर?"

बाबांनी चष्मा काढून छातीवर ठेवला. दुपारी जेवले नाहीत. जास्त बोलले का मी? चिडले असतील तर संपलंच सगळं.

८ मार्च
सही झाली. उद्याच ऑपरेशन. फॉर्म दिला, पण माझं मनगट सोडेनात. "उद्या दारापर्यंत येशील ना गं? फार भीती वाटते मला."