वाल्तेरहून आलेली घडी

माय,

दुपारची जेवणं आटोपली की तू मला अंगणात हाक मारायचीस आणि मागावरून उतरलेलं लुगडं आपण दोघी धरायचो. एक टोक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. तू ताणलंस की मी दोन पावलं पुढे ओढली जायचे आणि तू हसायचीस. मग काठ आत घेत, एकमेकींकडे चालत येत, टोकाला टोक. तुझी बोटं थंड असायची, त्यांना खळीचा वास यायचा. पवनीत प्रत्येक विणकराच्या घरची घडी वेगळी. आपल्या घरची काठ आत झाकणारी, तीन पदरांची. बाजारातले व्यापारी लांबूनच ओळखायचे, हा माल कोणत्या घरचा. मला मात्र ती घडी एकटीनं कधी जमली नाही. वसतिगृहात राहणारी पोर, सुटीपुरती येते, म्हणून तूही शिकवली नाहीस. मी फक्त दुसरं टोक धरायचे.

बाबा वर्षातून एकदा मालाची गाठ घेऊन विशाखापट्टणमला जायचे. ते त्याला शेवटपर्यंत जुन्या नावानं, वाल्तेर म्हणत. त्यांचं जास्तीचं धोतर तू आपल्या घडीत घालून पिशवीत ठेवायचीस. मी सातवीत होते, त्या दिवाळीत ते परत आले, तू पिशवी उघडलीस आणि धोतर हातात घेऊन तशीच उभी राहिलीस. चार पदरांची चौकोनी घडी, काठ बाहेर, कोपऱ्याला कोपरा लावलेला. "हे घडी कोनाच्या हातची होय?" तू विचारलंस. बाबा म्हणाले, धोब्यानं केली असन. तू पुन्हा विचारलंस, तेव्हा जरा थांबून म्हणाले, मीच केली. दोन उत्तरं दिली तिथेच ते फसले. तू आवाज न चढवता म्हणालीस, "धोब्याची नोहोय न तुमची बी नोहोय. शिकल्यासवरल्या बाईच्या हातची आहे." त्यानंतर तू भांडली नाहीस, माहेरी गेली नाहीस, ताट वाढायचं थांबवलं नाहीस. फक्त त्यांच्या धोतराची घडी केली नाहीस. दोरीवरचं धोतर गोळा करून खुंटीला अडकवायचीस. एकोणीस वर्षं तो कापड विकणारा माणूस चुरगळलेलं धोतर नेसून गावभर फिरला. ते गेल्यावर तेराव्या दिवशी तू ते धोतर धुतलंस, मला दुसरं टोक धरायला लावलंस आणि आपल्या घरची घडी घालून पेटीत ठेवलंस.  

तुला जाऊन बावीस वर्षं झाली. तुझ्याकडून मला लुगडी थोडी आणि ती नजर जास्त मिळाली. माझ्या जावयाच्या शर्टाचं तुटलेलं बटण कोणी लावलं, हेही मी आधी बघते आणि मग त्याला पाणी देते.

या कार्तिकात आम्ही दोघं नवराबायको विशाखापट्टणमला गेलो. एकदा समुद्र दाखवा, असं मीच म्हणत होते. भंडाऱ्यात दवाखाना शोधायलाही तीन माणसांना विचारणारे हे, तिथे स्टेशनाबाहेर पडले आणि कोणालाही न विचारता रिक्षावाल्याला डावीकडे, उजवीकडे सांगू लागले. मी ते ध्यानात ठेवलं. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन इतकं लख्ख की पाण्याकडे बघवत नव्हतं. यांचा फोन वाजला, तसे हे उठून पार लाटांपाशी गेले. तिथे त्या गाजेत कोणाला काय ऐकू येणार? आल्यावर म्हणाले, बाकावर रेंज नाही. पाण्याजवळ असते वाटतं, मी म्हटलं. ते हसले, तेही मला आवडलं नाही. मग बघता बघता समुद्राकडून काळं भरून आलं, वाळू गालांना टोचू लागली आणि आम्ही धावत एका चहाच्या टपरीत शिरलो. टपरीवाली चाळिशीची, केसांत अबोलीचा गजरा. ती यांच्याकडे बघून ओळखीचं हसली. "फिर आए, अंकल?"

तो 'फिर' एवढा एक शब्द मी चहाबरोबर गिळला. हे पावसाकडे बघत होते, जसं काही ऐकलंच नाही. पोळा झाल्यावर हे चार दिवस रायपूरला मित्राकडे म्हणून गेले होते, ते मला आठवलं. परत आले तेव्हा चपलांच्या तळाला वाळू होती. रायपूरला कुठे बांधकाम चाललं असेल, असं तेव्हा मी स्वतःच स्वतःला समजावलं होतं. पाऊस थांबला, ऊन पडलं, उन्हातच पुन्हा शिंतोडे आले. आभाळालाही त्या दिवशी धड काही ठरवता येत नव्हतं. डोकं पुसायला मी यांनी स्वतःच भरलेल्या पिशवीत हात घातला आणि पंचा वर आला. चार पदरांची चौकोनी घडी, काठ बाहेर, कोपऱ्याला कोपरा.

माय, पन्नास वर्षांनी तुझंच वाक्य माझ्या तोंडून निघालं. "हे घडी कोनाच्या हातची होय?"

"माह्याच. काहून?"

"तुम्हाले कधीपासून घडी करता येऊन राहिली?"

"तुही पाहून पाहून आली. अडतीस वर्षं तूच त करते अशी."

आणि त्यांनी पंचा झटकून मांडीवर पसरला आणि टपरीवालीसमोर तशीच घडी घालून दाखवली. कोपरा जुळला नाही तेव्हा अंगठ्यानं दाबून सारखा केला. ती माझी सवय आहे. मी माझ्या हातांकडे बघत राहिले.

मग सगळं बाहेर आलं. पोळ्यानंतर ते रायपूरला नव्हे, इथेच आले होते. बाबांचं वाल्तेरला कोण होतं, हे मी लग्न झाल्यापासून यांना विचारते आहे. म्हणून बाबांचा माल घेणारं दुकान शोधायला आले होते. किनाऱ्यावरचा फोनही तिथलाच होता, कधी येता म्हणून विचारायला. मला आधी का सांगितलं नाही, असं मी रागानंच विचारलं. "काही वाईट निघालं असतं त तुले आनलोच नसतो," ते म्हणाले.

जुन्या बाजारातल्या त्या दुकानात आता लहान मुलांचे तयार कपडे विकतात. तेव्हाच्या मालकाचा मुलगा ऐंशीचा झाला आहे, दाराशी खुर्ची टाकून बसतो. 'भंडारावाले', म्हणजे बाबा, त्याला पक्के आठवत होते. बाबा वर माळ्यावर कापडाच्या गाठींवर झोपायचे, सकाळी गच्चीवर स्वतःचं धोतर धुवायचे, आणि माल गेला की दुसऱ्याच दिवशी गाडी धरायचे. तो सांगत होता आणि मी मनात म्हणत होते, यांनी म्हाताऱ्याला पढवून ठेवलेलं दिसतं. तेवढ्यात तो हसून म्हणाला, "कपडा बेचते थे, तह करना नहीं आता था. गोला बनाकर थैली में ठूँस देते थे. मेरी माँ बहुत हँसती थी."

हे त्याला कोणी पढवू शकलं नसतं. त्या वर्षीही ते धोतर पिशवीत गोळा करून कोंबलेलं होतं, हे आपल्या घरात बाबांशिवाय मला एकटीलाच माहीत होतं.

त्या दिवाळीत बाबांना आणायला एसटी स्टँडवर मी गेले होते. ते ओळखीच्या माणसाशी बोलत उभे राहिले, पिशवी माझ्याजवळ होती. त्यांनी शंख आणायचं कबूल केलं होतं. एकच असला तर तो धाकट्या भावालाच मिळेल, याची मला खात्री होती. धोतराच्या गोळ्यात तो सापडला, एकच होता, मी फ्रॉकच्या खिशात घातला. पिशवी उचकलेली दिसू नये म्हणून बाकावर बसून धोतराची घडी केली. वसतिगृहात शिवणाच्या तासाला सिस्टर टेबलावरच्या चादरींची घडी शिकवायच्या, ती. मला तेवढीच येत होती. तू विचारलंस तेव्हा मी दाराआड उभी होते. दुसरं उत्तर द्यायच्या आधी बाबा थांबले ना, तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. शंखाचं त्यांनी मला कधीच विचारलं नाही. आधी मी भीतीनं गप्प बसले. नंतर स्वतःला सांगत आले की तुझ्याकडे आणखीही कारणं असतील, वाल्तेरला कोणीतरी असेलच. ती बाई असायलाच हवी होती, माय. नाहीतर ती मीच.

परत आल्यावर मी पेटी उघडली. बाबांचं धोतर धाकट्याला द्यायचं, त्याला आपल्या घरची घडी येते. तुझं हिरव्या काठाचं लुगडं माझ्या मुलीला. ती नेसणार नाही, तरी तिलाच. शंख यांना. तो कुठून आला हे विचारलं तर सांगेन म्हणते, अजून सांगितलेलं नाही. हे पत्र कोणालाच द्यायचं नाही. पेटीच्या तळाशी ठेवायचं म्हणून मी त्याची आपल्या घरची घडी घालून पाहिली. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. जमली नाही.