डावी बाही

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोचले एकदाची! प्रवासात अंग अगदी आंबून गेलं. आपल्या दुकानात काजं-बटणं करायची ती आपली नवरी मुलगी घ्यायला आली होती, गळ्यातच पडली. इथली भाषा मला ‘हो’, ‘नको’ आणि ‘पोट भरलं’ एवढीच येते, आणि तिसरं कोणी ऐकूनच घेत नाही.

मला इतक्या प्रेमाने का बोलावलं ते आज कळलं. नवरीची धाकटी बहीण गेल्या वर्षी तापाने गेली. यांच्यात लग्नात घरच्या माणसाची जागा रिकामी ठेवत नाहीत. कोणाच्याच नात्यात नसलेला परका पाहुणा तिथे बसवतात आणि सगळे त्याला गेलेल्याच्याच नात्याने हाक मारतात. पाठवणीच्या वेळी नवरीने त्याला त्याच्या घरच्या नावाने हाक मारली, की तो मोकळा. तेव्हा मी सध्या इथली ‘धाकटी’!

तिचाच पोशाख दिलाय. अंगाबरोबर बसला, डावी बाही तेवढी बोटभर लांब. सुई घेतली तर नवरीच्या आईने ती हातातून काढून घेतली. बसेल आपोआप, असं म्हणाल्या, नवरीने मला समजावलं. शिंपिणीला हे सांगायचं म्हणजे कमालच!

लोभ आहेच, माझ्या कात्रीला मात्र हात लावू नकोस.
तुझी ठकू

दि. १२ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. गेलेल्या मुलीचे कपडे अंगावर चढवायचे, हे कसलं गं लाडाचं आमंत्रण? लहानपणी बेतायच्या टेबलावरून पडलीस, डावा हात वाकडा बसला, तेव्हापासून तुझी डावी बाही मी बोटभर आखूड बेतत आलेय. आपोआप बसेल म्हणे! कापड काय सांगितलेलं ऐकतं?

लग्न उरकलं असेल, तर लगेच नीघ. शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय. आणि खरं सांगू, तुझ्या बडबडीशिवाय मला करमत नाही.

कळावे, आणि या वेळी वळावेही.
तुझी ताई

दि. २१ मार्च

ती. ताईस,
सा. न.

लग्न छान झालं. पाठवणीला नवरी इतकी रडली, की मला हाक मारायची राहूनच गेली. गाडी वळणापलीकडे गेल्यावर माझ्या लक्षात आलं. आईंना म्हटलं, आता तुम्हीच मारा. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला आणि पान वाढलं.

ताई, बाही बसली. उलटी करून पाहिली. शिवण जुनीच आहे, एक टाका उसवलेला नाही. आरशासमोर दोन्ही हात लांब केले तर सारखे आले. मला भीती वाटायला हवी ना? सकाळी मिठाचा डबा कोणाला न विचारता काढला. शेजारीण काहीतरी चेष्टेने बोलली आणि सगळ्यांच्या आधी मीच हसले.

निघेन गं. तेवढं माझं नाव पत्रात मोठ्या अक्षरांत लिही. काल चटकन आठवेना.

आठवण असू दे, माझ्यासाठीही.
तुझी धाकटी

दि. २९ मार्च

ठकू! ठकू! ठकू!

मायना गेला चुलीत. घे, मीच मारते हाक. सहीत ‘तुझी धाकटी’ लिहिलंस. माझी की त्यांची? तो पोशाख काढून फेक. मी शिवलेला निळा कुडता घाल आणि तो घालूनच घराबाहेर पड. कोणाचा निरोप घेत बसू नकोस. दुकान बंद ठेवून मी तिकिटाच्या मागे लागलेय. रागावले नाहीये गं, घाबरलेय. तू एवढीशी असल्यापासून तुला मी वाढवलं, अशी कोणाच्या जागेवर बसवायला नाही.

फक्त तुझीच,
ताई

दि. १० एप्रिल

महोदयांस,
सा. न. वि. वि.

आपली पत्रं आमच्या पत्त्यावर येत आहेत. माझ्या ताईच्या लग्नाला ठकू नावाची एक पाहुणी आली होती खरी. ती परत गेली असावी. उगाच एवढा प्रवास करू नये, असं आईने कळवायला सांगितलं आहे. आपली भाषा मला लिहिता कशी येते, याचं घरात सगळ्यांना कौतुक वाटतं.

पाहुणीचा निळा कुडता राहिला होता, तो सोबत पाठवते. सहज घालून पाहिला. कापड चांगलं आहे, पण डावी बाही बोटभर आखूड आहे. कोणा नवशिक्या हाताचं काम दिसतं.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, पण आपली ओळख नाही.